कुलूपबंद वाडीतलं हेलिपॅड

विमान भाड्यानं घ्यायचं ठरवून माणूस माझ्यासमोर बसला, की त्याचा पहिला प्रश्न भाड्याचा असायचा आणि माझा पहिला प्रश्न वजनाचा. त्यावरून माझी पुष्कळ भांडणं झालेली आहेत. बायका वजन सांगत नाहीत, पुरुष खोटं सांगतात आणि पुढारी म्हणतात, "तुमीच अंदाज घ्या की म्याडम." मी अंदाज घ्यायचे आणि त्यात दहा किलो मिळवायचे. या नियमानं मला कधी दगा दिला नाही.

अंबाजोगाईत एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारी माझी एक खोली होती. बाहेर विमानाचं चित्र असलेली पाटी. त्या पाटीमुळे अर्ध्या गावाला वाटायचं की बाईंची स्वतःची विमानं आहेत. माझ्या मालकीची एक स्कूटी होती, तीही सकाळी चार किका खाऊन चालू व्हायची. विमानं आणि हेलिकॉप्टरं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची. इथल्या गिऱ्हाइकाला कुठल्या कामासाठी कुठलं वाहन घ्यावं ते सांगायचं, परवानग्या काढायच्या, उतरायची जागा तयार करून घ्यायची आणि उतरेपर्यंत तिथं उभं राहायचं, हे माझं काम. खरं सांगायचं तर हवेत गेलेल्या माणसांना जमिनीवर आणणं हेच माझं काम होतं.

धंदा समजायला सोपा आहे. जेट वेगवान, पण त्याला लांबलचक धावपट्टी लागते. पंख्याचं छोटं विमान सावकाश जातं, पण आखूड धावपट्टीवर भागवून घेतं. आपल्या जिल्ह्यात माझ्या काळात दोन्हींची सोय नव्हती. लातूर, नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठायचं आणि तिथून गाडीनं यायचं. हेलिकॉप्टर थेट रानात उतरतं, पण त्याचे नखरे फार. वजन चालत नाही, धूळ चालत नाही, आणि आपल्या रानातल्या हेलिपॅडवर दिवस मावळल्यावर अजिबात चालत नाही. उन्हाळ्यात हवा पातळ होते, मग ते आणखी कमी वजन उचलतं. पाटोद्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामांना याच कारणानं मी भर दुपारी खाली उतरवलं. त्यांनी सत्तर किलो सांगितलं होतं. पायलटनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं, तेवढं पुरे झालं. मामा अजून लग्नकार्यात मला बघून तोंड फिरवतात. त्याच नवरदेवाच्या वडिलांना आधी जेट हवं होतं, कारण भावकीतल्या कुणी तरी आदल्या वर्षी हेलिकॉप्टर आणलं होतं.

"उतरवायचं कुठं?" मी विचारलं.

"आमच्या रानात. सात एकर सपाट हाय."

"उतरेल हो," मी म्हणाले, "पण तुमच्या रानात थांबायचं नाही."

या अंकाच्या संपादकांनी गमतीदार अनुभव मागितले होते. असे आणखी दहा सांगता येतील. पण लिहायला बसले की माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच काम येतं, त्यात गंमत काहीच नाही. मी देवभोळी बाई नाही. नवसाला जात नाही, अमावस्येला नवी गाडी घेऊ नये असं कुणी म्हणालं तर मुद्दाम घेईन. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल गैरसमज नको.

दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती. पुण्याहून अर्जुनचा फोन आला. हा धारूरचा घाट उतरल्यावर एक वाडी लागते तिथला मुलगा. ऊसतोड्यांच्या घरातला. पुण्यात जाऊन जेसीबीच्या कामात जम बसवला होता, मोठा झाला होता. त्याची आई गयाबाई पुण्याच्या दवाखान्यात होती. हृदय थकलं होतं, मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता घरी न्यायचं असेल तर न्या, उशीर करू नका.

"म्याडम, सगळ्यात भारी इमान सांगा," अर्जुन म्हणाला. "माय कधी इमानात बसली न्हाई. पैशाचं बोलू नका."

मी त्याला समजावलं. रुग्णासाठीचं विमान चांगलंच असतं. आत झोपायची नीट सोय, ऑक्सिजन, डॉक्टर, हवेचा दाब सांभाळलेला. पण ते लातूरला उतरणार. तिथून रुग्णवाहिका, मग आपले रस्ते, मग घाटाची वळणं. विमानात वाचलेला वेळ आणि जीव दोन्ही घाटात जाणार. त्यापेक्षा दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर घ्या, त्यात स्ट्रेचर बसतं, सोबत डॉक्टर बसतो आणि ते सरळ वाडीच्या रानात उतरतं.

तो म्हणाला, "हेलिकॉप्टर तर आता नवरदेवबी आणतेत."

माणसाच्या मनात काय काय असतं बघा. आई शेवटच्या घटका मोजतेय आणि याला वाहनाचा तोरा पडलाय, असं माझ्या मनात आलं आणि मी जरा तोडून बोलणार होते. तेवढ्यात फोनवर दुसरा आवाज आला, त्याच्या आईचा. बारीक, धाप लागलेला, पण हुकमी.

"बाई, दिस बुडायच्या आत जे माज्या दारापशी पोचंल ते पाठीव. किल्ल्या माज्यापशी हायत."

निवड झाली. किल्ल्यांचं काय ते मला तेव्हा कळलं नाही. आजारी माणूस काहीबाही बोलतो, असं समजून मी कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी मी आणि आमचा ड्रायव्हर सलीम सकाळीच निघालो. सलीम माझ्याकडे बरीच वर्षं होता, चाकाखाली साप आला तरी गाणं म्हणत गाडी चालवणारा माणूस. घाट उतरून वाडीच्या वाटेला लागलो आणि त्याचं गाणं आपोआप थांबलं.

ज्यांनी थंडीतली ऊसतोड्यांची वाडी पाहिली नाही त्यांना सांगते. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतात. माणसं, लेकरं, शेळ्या, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं त्यावर चढतं आणि कारखान्यांच्या वाटेला लागतं. कुत्रीसुद्धा मागे धावत जातात. म्हातारी माणसं कुणी लेकीकडे, कुणी शेजारच्या मोठ्या गावात. मागे राहतात ती घरं. प्रत्येक दाराला कुलूप आणि कुलपापुढे बोराटीची काटेरी फांदी आडवी. माझ्या धंद्यात सगळ्यात मोठा ताप गर्दीचा. हेलिकॉप्टर येणार म्हटलं की पंचक्रोशी लोटते, पोरं पंख्याखाली धावतात, बायकांचे पदर उडतात, पोलिसांना दोर धरून उभं करावं लागतं. इथं एक माणूस नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण गल्लीतून चालताना माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला.

वाडीत एकच माणूस मागे होता, किसनतात्या. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. कमरेचं हाड मोडून वाकडं जुळलेलं, काठीशिवाय उठता येत नव्हतं. तरी त्यानं अर्जुनच्या सांगण्यावरून देवळामागच्या पडीक रानात चुन्यानं मोठा एच काढून ठेवला होता. पायलटला वरून तोच दिसतो.

"एच कसा काढायचा ते कुणी सांगितलं तात्या?"

"अर्जुनानं फोनवर. दोन उभ्या काढा, मधी एक आडवी. म्हणलं, एका पायरीची शिडीच की."

शिडी जरा कलली होती, पण चालण्यासारखी होती. मी त्याला विचारलं, देवळात का बसता, घर कुठंय तुमचं. त्यानं हातानंच गल्लीच्या आत दाखवलं.

"गयाबाई गेल्यापसून मी गल्लीत जात न्हाई."

"का?"

"कावून म्हंजी? चुली पेटल्या न्हाईत."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. वाडीची माणसं तोडीला गेली की किल्ल्या गयाबाईकडे. गुडघे गेल्यापासून ती तोडीला जात नव्हती, वाडीतच राहायची. तिचं काम एवढंच की दर पंधरवड्याला एकेक करत सगळी घरं उघडायची, चूल पेटवायची, थोडा धूर होऊ द्यायचा आणि पुन्हा कुलूप घालायचं. घर रिकामं नाही, याला मालक आहे, हे कळायला हवं म्हणून.

"कुणाला कळायला?" मी विचारलं.

तात्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विमानाला पंख कशाला असतात असं विचारलं होतं.

"जे तोडीला गेलते आन् माघारी आले न्हाईत त्यांना. कोणी ट्रॉलीखाली गेलं, कोणाला सापाचं पान लागलं, कोणी बाळंतपणात फडातच गेली. त्यांचंबी घर हाय की हे. चूल लई दिस गार ऱ्हायली का त्यांना वाटतं, आता आपली पाळी. ते काई वंगाळ न्हाईत, म्याडम. पर एकदा का त्यांनी आपल्या हातानं चूल पेटवली, का घर त्यांचं. मग जितं माणूस त्यात टिकत न्हाई."

त्या वर्षी ट्रॅक्टर गेले आणि लगेच गयाबाई पडली. अर्जुन गाडी घेऊन आला आणि तिला तशीच उचलून पुण्याला घेऊन गेला. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कनवटीला. तेव्हापासून एकाही घरात चूल पेटली नव्हती. म्हणून ती परत यायला धडपडत होती. मरणाची तिला फिकीर नव्हती. लोकांची घरं तिच्या हवाली होती, ती गेली तर पाडव्याला परत येणाऱ्या माणसांना तोंड कसं दाखवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

मी म्हणाले, "बरं," आणि माझ्या कामाला गेले. अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो.

रानाच्या कडेला आम्ही झेंडा लावला. पायलटला वारा कळावा म्हणून झेंड्याबरोबर धूरही करतात. थोडा ओला कडबा पेटवला की पांढरा धूर निघतो आणि वाऱ्याच्या दिशेला झुकतो. सलीम कडबा गोळा करून आणत होता. अजून आम्ही काडी लावलेली नव्हती, आणि सलीम वाडीकडे बघत उभाच राहिला.

"म्याडम, आप तो बोले थे गावात कोणी नै."

एका घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. निळसर, संध्याकाळी चुलीतून निघतो तसाच. आम्ही बघत असताना पलीकडच्या घरातून निघाला. मग त्याच्या मागच्या. एकेक करत सगळ्या वाडीवर धूर दिसायला लागला. भर दुपार होती, ऊन लख्ख पडलेलं.

मी देवळाकडे गेले. तात्या ओट्यावरच होता, घोंगडी तोंडापर्यंत ओढलेली.

"मी न्हाई," तो म्हणाला. मी काही विचारलंही नव्हतं. "किल्ल्या तिच्यापशी हायत. मी न्हाई."

कुणी तरी खोड्या करत असणार, या विचारानं मी रागारागानं गल्लीत गेले. पहिल्याच घराची बोराटी जागची हलली नव्हती. कुलूप गंजलेलं. कुलपापासून कडीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं, ते अखंड होतं. मी भिंतीला हात लावला, जिथं आतल्या बाजूला चूल असते त्या जागी. भिंत कोमट होती. मी दुसऱ्या ठिकाणी हात लावून पाहिला, तिथं गार. पुन्हा पहिल्या जागी लावला. आतून कुणी तरी हलक्या हातानं भांडं सरकवल्याचा आवाज आला.

मी तिथून पळाले नाही, पण चालले असंही म्हणता येणार नाही.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर हेलिकॉप्टरच्या पायलटचा, कॅप्टन जोशींचा आवाज आला. ते घाट ओलांडून आत आले होते. त्यांना वाडी दिसत होती, चुन्याचा एच दिसत होता. "मॅडम, पण मी कुठला धूर बघू? तुमचा झेंडा पूर्वेला फडकतोय आणि धूर सगळे सरळ उभे. वारा आहे का नाही?"

मी वर पाहिलं. खरंच, झेंडा ताणून फडफडत होता आणि घरांवरचे धूर वाऱ्यात एवढेसेही कलत नव्हते. हेलिकॉप्टर उतरताना वारा नेमका कुठून हे चुकलं तर मशीन आडवं होऊ शकतं, आणि त्यात एक आजारी बाई होती. मी सलीमच्या हातातली काडेपेटी घेतली आणि कडबा पेटवला. त्याचा धूर निघाला आणि झेंड्याच्याच बाजूला झुकला.

"रानातला धूर बघा," मी सांगितलं. "घरांचे धूर बघूच नका. ते मोजायचेच नाहीत."

"घरांचे कसले आहेत?"

"उतरा आधी."

ते व्यवस्थित उतरले. धूळ खाली बसली. डॉक्टर उतरला, तरुण पोरगा होता. अर्जुन उतरला, भारी जाकीट घातलेला, चेहरा उतरलेला. मग त्यांनी गयाबाईंचं स्ट्रेचर बाहेर काढलं. मूठभर बाई. डोळे तेवढे जागे. तिनं आधी लेकाकडे नाही, माझ्याकडे नाही, घरांकडे पाहिलं.

"उशीर झाला," ती म्हणाली.

"माय, तू घरी आलीस. आता बोलू नको," अर्जुन म्हणाला.

"मला दारोदार न्या."

डॉक्टर नको म्हणत होता. त्याचं बरोबर होतं. कॅप्टन म्हणत होते, सूर्य घाटामागे जायच्या आत मला निघावं लागेल, पेशंटला परत न्यायचं असेल तर तोवर सांगा. त्यांचंही बरोबर होतं. गयाबाईंनी कनवटीचा जुडगा सोडला आणि माझ्या हातात दिला. का माझ्याच, ते मला माहीत नाही. कदाचित हात रिकामे असलेली मी एकटीच होते म्हणून असेल. अर्जुन, सलीम, डॉक्टर आणि दुसरा पायलट यांनी स्ट्रेचर उचललं आणि आम्ही गल्लीत शिरलो. सलीमचे ओठ हलत होते, तो त्याचं काही म्हणत होता.

पहिल्या दारापाशी तिनं न बघता जुडग्यातली एक किल्ली बोटानं दाखवली. मी बोराटी काढली, जाळं मोडलं, कुलूप उघडलं. आत अंधार. चुलीत निखारा नव्हता. राख गार, कधीची, आणि तिच्यावर पालीच्या पायांचे ठसे. मी मोबाईलचा उजेड धुराड्याकडे धरला. आत धूर नव्हता, धुराचा वासही नव्हता. मी बाहेर येऊन वर पाहिलं. छतावरून धूर निघतच होता.

"पेटव," गयाबाई म्हणाली.

कोपऱ्यात गोवऱ्या रचलेल्या होत्या. मी गोवरीवर देवळीतला कापूर ठेवून पेटवला, फुंकर घातली. बाहेर ती दाराकडे तोंड करून बोलत होती, घरातल्या थोरल्या माणसाशी बोलावं तसं, मान देऊन.

"ही भागवताची चूल हाय, दादा. भागवत येणार हाय पाडव्याला. लेकरं हायत त्याला. तुमी सरका आता."

गोवरीनं पेट घेतला. मी डोळे चोळत बाहेर आले आणि सलीमनं मला वर बघायला खुणावलं. त्या घराचा धूर आता झुकला होता, झेंड्याच्या बाजूला, चारचौघा धुरांसारखा. बाकीचे अजून उभेच.

असं आम्ही घरामागून घर केलं. कुणाला ती आक्का म्हणायची, कुणाला मामा. एका दारापाशी तिनं स्ट्रेचर अगदी उंबऱ्याशी टेकवायला लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "सुंदरे, तुजं लेकरू बरं हाय गं. साळंत जातंय. वाचतंय बी. मी बगते त्याच्याकडं. आता सरक माय, नवी सून नांदती इथं." ती चूल काही केल्या पेटेना. चार वेळा विझली. पाचव्यांदा पेटली तेव्हा माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, कुणी तरी नाक ओढल्यासारखं झालं. मी मागे वळले नाही. मला रडू येत होतं, आणि भीतीनं की कशानं ते सांगता येत नाही.

शेवटी तिचं स्वतःचं घर राहिलं. ते बघून मी थबकले, कारण सगळ्या वाडीत तेवढ्या एका घरावर धूर नव्हता.

"बगा, माजं तेवढं सोडलंय त्यांनी," गयाबाई म्हणाली. तिला आता दम लागत होता. "चांगली हायत माणसं."

तिला आत नेऊन भुईवर वाकळ घालून निजवलं. दुसऱ्या पायलटनं घड्याळाकडे बघून मला खूण केली. डॉक्टर अर्जुनला म्हणाला, "आत्ता निघालो तर दवाखाना गाठता येईल. नाहीतर मग काही सांगता येणार नाही." अर्जुन आईकडे बघत राहिला. मी चुलीपाशी बसून गोवरी घेतली.

"ऱ्हाऊ दे बाई," गयाबाई म्हणाली. "ही पेटवू नको."

"का माय?" अर्जुननं विचारलं.

"कुणासाठी पेटवायची? भागवत येणार हाय, तिकडं सून येणार हाय. इथं कोण येणार हाय? तू तिकडं पुण्याला. तुजी लेकरं मला टीव्हीतल्यावानी बगतेत. घर त्यांना दे. ते तरी ऱ्हातील."

ती रागानं बोलली नाही. नेहमीचा व्यवहार सांगावा तशी बोलली, म्हणूनच ते ऐकवेना. अर्जुन उभा होता तो खाली बसला. मग बाहेर जाऊन पायलटला म्हणाला, "तुमी जावा." हेलिकॉप्टर निघून गेलं, आवाज घाटापलीकडे विरला. डॉक्टर थांबला, त्याचे मला आजही आभार मानावेसे वाटतात.

अर्जुननं जाकीट काढलं, गोवरी माझ्या हातातून घेतली. त्याला चूल पेटवता येत नव्हती. लहानपणी येत असणार, आता विसरला होता. तो फुंकत राहिला, खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुणीही त्याला मदत केली नाही. गयाबाई बघत होती. अखेर जाळ झाला.

"येशील?" तिनं विचारलं.

"येईन माय. दर साल येईन. मी सोता पेटवीन."

"नुसतं म्हनू नको. ते ऐकतेत."

"येईन."

दिवेलागणीच्या सुमारास ती गेली. जाताना तिचं तोंड चुलीकडे होतं. आम्ही बाहेर आलो तेव्हा सगळ्या वाडीवर धूर एकाच बाजूला झुकलेले होते आणि किसनतात्या काठी टेकत गल्लीतून येत होता.

त्यानंतर वाडीची माणसं जाताना किल्ल्या तात्याकडे ठेवू लागली. तो लंगडत लंगडत सगळ्या चुली पेटवतो. गयाबाईंच्या घराची किल्ली मात्र अर्जुनकडे असते. तात्या म्हणतो, घरचं माणूस स्वतः येऊन पेटवून गेलं की त्या घराला वर्षाचं पुरतं. पहिल्या वर्षी त्यानं मला फोन केला, हेलिकॉप्टर हवं म्हणाला. मी म्हणाले, एका माणसाला चूल पेटवायला हेलिकॉप्टर लागत नाही, पहाटे निघा, गाडीनं जा. तो गेला. दुसऱ्या वर्षीही गेला, जाऊन आल्यावर मला फोन करून सांगितलं.

आता मी खोली बंद केली आहे, पण जुनी माणसं अजून विचारतात. यंदा थंडी सुरू झाली तेव्हा अर्जुनचा फोन आला. बायको-मुलांना आणि सासरच्या माणसांना घेऊन दुबईला जायचं होतं, भारी विमान सांगा म्हणाला. दोन्हीकडे उत्तम धावपट्ट्या, माणसं आठ, सामान भरपूर. मी त्याला योग्य ते जेट निवडून दिलं. फोन ठेवताना विचारलं, "आणि वाडीला कधी?"

"आल्यावर बघू म्याडम. यंदा लई कामं हायत."

मी फोन ठेवला. माझं काम वाहन निवडून द्यायचं.

त्यांचं विमान गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी किसनतात्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"म्याडम, गयाबाईच्या घरातून धूर निघायलाय. अर्जुन आला का?"

वाडीत तो एकटाच होता. पाडव्याला अजून पुष्कळ अवकाश होता, आणि तोवर त्याला त्याच गल्लीत राहायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "आलाय तो."

"मग बरं," तात्या म्हणाला. "भायेरून कुलूप दिसलं, म्हनून इचारलं."